स्मरणिकेत आईचं ऑफिस येऊ द्यायचं का?

पत्र नागपूरच्या एका ताईंचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून ते थोडक्यात देते.

ताईंच्या आई गेल्या वर्षी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी गेल्या. १९७४ मध्ये, लग्नाच्या आधी, त्या गृहनिर्माण मंडळाच्या नागपूर कार्यालयात लिपिक म्हणून लागल्या आणि २०१० मध्ये तिथूनच, मिळकत व्यवस्थापनाच्या कामातून, निवृत्त झाल्या. पहिल्या पुण्यस्मरणाला दोन महिने उरलेत. पुण्याच्या भावानं स्मरणिका काढायचं ठरवलंय. मुखपृष्ठावर आईचा फोटो, खाली 'वात्सल्यमूर्ती', आत नातवंडांचे लेख, सुनेची कविता, आईच्या हातच्या गोळाभाताची आठवण. नोकरीला अर्धं पान. वर्धेच्या मावशी त्या अर्ध्या पानावरही नाखूश आहेत. "ऑफिसचं फार लिहू नका, लोक म्हणतील बाई घरी कधी नव्हतीच." ताई लिहितात, "आणि खरं सांगू का, ती नव्हतीच. दहावीच्या पहिल्या पेपरला मला दही-साखर आजीनं दिली. आईकडे त्या आठवड्यात गाळेवाटपाचं, म्हणजे मंडळाची घरं वाटण्याचं, काम होतं. ते अजून टोचतं." बाबा शाळेत शिक्षक होते, शिकवण्या करून रात्री आठला घरी यायचे, आता ते फारसं बोलत नाहीत. तेरवीला घरच्यांना माहीत नसलेली कितीतरी माणसं आली, बाईंमुळे घर मिळालं असं सांगून रडली. पुढे काही दिवसांनी एक गृहस्थ आले आणि आत न येता दारातूनच म्हणाले, "तुमच्या आईनं आमचा गाळा रद्द केला होता." तेवढं बोलून ते गेले. शिवाय कपाटात डायऱ्यांचा गठ्ठा आहे. त्यात लोकांची नावं, पगार, थकबाकी, कुणाकुणाच्या घरातली भांडणं. काय लिहू, काय गाळू, डायऱ्यांचं काय करू, आणि मनात राग असताना मी लिहायला लायक आहे का, असे ताईंचे प्रश्न आहेत.

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुम्हीच लिहा. दहावीच्या त्या सकाळी आई कुठे होती, हे जिला इतक्या वर्षांनीही लख्ख आठवतं, तिला आईच्या नोकरीचं वजन घरात सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे. ज्याला आईबद्दल काहीच खुपत नाही, त्याचं लिखाण बहुधा फोटोखालच्या ओळीपुढे जात नाही.

पत्र वाचताना मी एक वाक्य शोधत होते, ते सापडलं नाही: 'बाबा घरी नव्हते.' शाळा, मग शिकवण्या, रात्री आठ. त्या पहिल्या पेपरला तेही घरात नसावेत, नाहीतर दही-साखर त्यांनी दिली असती. पण ते तुम्हाला टोचत नाही. उद्या त्यांच्याबद्दल लिहायची वेळ आली तर तुम्ही 'कष्टाळू' असं लिहाल आणि वर्धेच्या मावशींना त्यात काही वावगं दिसणार नाही. दोघं कमवत होते, घर मात्र एकटीच्या नावावर मांडलेलं होतं. हे पटलं म्हणून राग जाईल असं मी म्हणत नाही, त्याला जायची घाईही नको. फक्त तो सगळाच्या सगळा आईच्या पदरात घालताय का, एवढं एकदा बघा.

मावशींची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका. सत्तरच्या दशकात लग्नाच्या वयाची मुलगी सरकारी नोकरीला लागली, की शेजारपाजारचे काय काय बोलायचे ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. बहिणीला त्या बोलण्यापासून त्या अजूनही वाचवताहेत. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना विचारा: नोकरीचा अर्ज कुणी आणला? घरात कोण नको म्हणालं? पहिल्या पगारात काय आणलं? लग्न ठरताना नोकरी सोडायची अट कुणी घातली होती का, आणि ती कशी टळली? या प्रश्नांची उत्तरं देऊ शकेल असं माणूस आता बहुधा त्या एकट्याच आहेत. आणि एकदा सांगायला लागल्या की 'ऑफिसचं लिहू नका' हे त्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून मवाळ होत जाईल, असं मला वाटतं.

भावाच्या 'वात्सल्यमूर्ती'ला माझी हरकत आहे, भावाला नाही. त्याची आई गेली, त्याला तिचा हात आणि गोळाभात आठवतो, तो खराच आहे. पण वात्सल्यमूर्ती, प्रेमळ, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ हे शब्द कुणाच्याही फोटोखाली चालतात. नागपुरातल्या कुठल्याही वर्तमानपत्राचं श्रद्धांजलीचं पान उघडा, चेहरे बदलतात, शब्द तेच असतात. तुमच्या आईला त्यातून ओळखता येणार नाही. तिला ओळखायचं तर ती काय करायची, ते सांगावं लागेल.

तिथे तुमचं नशीब चांगलं आहे. सरकारी नोकरी केलेल्या बाईचं आयुष्य घरातल्या कुणी लिहिलं नसलं तरी कचेरीनं लिहून ठेवलेलं असतं. तिचं सेवापुस्तक शोधा. बऱ्याच कर्मचाऱ्यांकडे त्याची दुय्यम प्रत असते, पेन्शनच्या कागदांबरोबर ठेवलेली. पहिल्या पानावर जन्मतारीख, उंची, ओळखीची खूण, बोटांचे ठसे. पुढे नेमणूक, वेतनवाढी, बदल्या, पदोन्नत्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याची नोंद. आणि मग रजेचा हिशेब, तो नीट वाचा. घरच्यांच्या कामाचं सगळ्यात जास्त तिथेच असतं. तुमच्या आणि भावाच्या जन्माच्या वेळच्या प्रसूती रजा तिथे दिसतील. त्या काळी ही रजा ९० दिवसांची होती. १८० दिवस पुढे २००९ मध्ये झाले. म्हणजे तीन महिन्यांचं बाळ आजीच्या हाती देऊन ती परत टेबलावर बसली. मधल्या वर्षांत कुठे सलग अर्जित रजा दिसली तर ती तारीख बाबांना विचारा. कुणाचं आजारपण, कुणाची शस्त्रक्रिया निघेल. तुमच्या गोवराची, भावाच्या मोडलेल्या हाताची रजाही निघेल कदाचित. 'ती नव्हतीच' हे वाक्य स्मरणिकेत घालण्याआधी ही पानं डोळ्यांखालून घाला. ती कधी होती, तेही तिथे तारखेसकट लिहिलेलं असेल. कमी असेल, पण असेल.

प्रत घरात नसेल तर कार्यालयाकडे वारस म्हणून लेखी अर्ज करा, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाबांच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा कागद जोडा. लोक थेट माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतात. त्याला दहा रुपये आणि तीस दिवस लागतात हे खरं, पण सेवापुस्तक ही वैयक्तिक माहिती आहे म्हणून तो अर्ज नाकारला जाऊ शकतो. वारस म्हणून मागितलेलं लवकर हाती येतं. अर्ज टपालानं पाठवून वाट बघू नका, स्वतः जाऊन द्या आणि पोच घ्या. जुन्या आस्थापना शाखेत बाईंना ओळखणारं कुणीतरी अजून भेटेल.

आता कामाबद्दल. अर्ध्या पानात 'गृहनिर्माण मंडळात ३६ वर्षे निष्ठेने सेवा' एवढंच येणार असेल, तर तुमच्या मुलांना त्यातून काही कळणार नाही. त्यांच्या लेखी घर म्हणजे बिल्डरची जाहिरात आणि बँकेचं कर्ज. सरकार घरं बांधायचं, ती कामगाराला, कारकुनाला, विधवेला हप्त्यांनी द्यायचं, त्यासाठी एक अख्खं खातं राबायचं, हे त्यांना सांगावं लागेल. थोडी पार्श्वभूमी द्या. नागपूर जुन्या मध्य प्रांताची राजधानी, म्हणून शहर वसवण्याची सरकारी खटपट इथे लवकर सुरू झाली. शहराच्या नियोजनबद्ध वाढीचं काम बघणाऱ्या सुधार प्रन्यासाचा कायदा १९३६ चा आहे. औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची केंद्राची योजना १९५२ ची, अल्प उत्पन्न गटाची १९५४ ची. तुमची आई लागली तेव्हा ते विदर्भ गृहनिर्माण मंडळ होतं, जुन्या मध्य प्रदेशच्या मंडळाचं वारस. १९७६ चा कायदा झाला, ५ डिसेंबर १९७७ ला म्हाडा, म्हणजे राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण, अस्तित्वात आली आणि राज्यातली वेगवेगळी मंडळं तिच्यात गेली. म्हणजे तिच्या टेबलावरची पाटी ती नोकरीला लागल्यावर तीनेक वर्षांतच बदलली; काम तेच राहिलं. या पार्श्वभूमीला दोन परिच्छेद पुरेत.

त्याहून जास्त जागा टेबलावरच्या कामाला द्या, कारण मिळकत व्यवस्थापन म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. सोडतीत नाव निघणं सोपं. पुढे उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, दुसरीकडे घर नसल्याचं प्रतिज्ञापत्र, मग वाटपपत्र, पहिला भरणा, ताबा. मग वर्षानुवर्षं हप्ते. हप्ता चुकला की व्याज, व्याज साचलं की नोटीस. एम्प्रेस मिल १८७७ पासून या शहराला पोसत होती. ती आणि दुसऱ्या मिला अडखळायला लागल्या, तेव्हा कामगारांच्या वसाहतींतले हप्ते कसे थकत गेले असतील ते त्या डायऱ्यांतल्या तारखांवरून तुम्हाला दिसेल. घरातला पुरुष मिलमधून बसला की पहिला कागद अशाच एखाद्या टेबलावर येतो.

आणि गाळेधारक वारला तर वारस नोंद. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्या थोरल्या-धाकट्यांची ना हरकत, थकबाकी चुकती केल्याची पावती. त्या काळातली बहुतेक वाटपं एकट्या पुरुषाच्या नावे. आज प्रधानमंत्री आवास योजनेत घर बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे असावं असं ठरवून दिलेलं आहे, पण ते २०१५ चं. तुमच्या आईच्या उमेदीच्या काळात नवरा गेलेली बाई स्वतःच्याच घरात नावाशिवाय बसलेली असायची, आणि दिरानं ना हरकतीवर सही केली नाही की वर्षं जायची. तेरवीला रडणाऱ्यांत बायका जास्त होत्या का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे की होत्या. अशी एक बाई शोधा आणि तिची फाईल कशी हलली हे तिच्या तोंडून ऐका. कोणता कागद अडला होता, बाईंनी काय सुचवलं, किती खेपा झाल्या. तिची परवानगी असेल तर तिच्या शब्दांत छापा. ते एक पान बाकी सगळ्या श्रद्धांजलींपेक्षा भारी होईल.

सहकाऱ्यांकडे जाल तेव्हा 'आई कशी होती?' असं विचारू नका. 'देवमाणूस' एवढंच ऐकायला मिळेल. टेबलावर काय असायचं, डबा कुणासोबत खायच्या, रागावल्या की काय करायच्या, मे महिन्याच्या ४५ अंशांत लूनावर पाहणीला जायच्या की ऑफिसची जीप मिळायची, हे विचारा. साहेबांच्या आधी शिपायाला, टायपिस्टला, ड्रायव्हरला भेटा. साहेब बदलून जातात, ही माणसं तिथेच राहतात. फोनवर काम भागवू नका. अशी माणसं समोर चहा आला की खुलतात. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारून करा.

दारातल्या गृहस्थांविषयी मी सगळ्यात जास्त विचार केला. तुम्ही ती गोष्ट पत्राच्या शेवटी, जणू जाता जाता लिहिलीय. मला ती मधोमध हवी होती. सार्वजनिक घरं मागणाऱ्यांपेक्षा नेहमीच कमी असतात. म्हणून ज्या टेबलावरून 'मिळालं' असं कळतं, त्याच टेबलावरून बाकीच्यांना 'नाही' असंही कळतं. खोटा उत्पन्न दाखला, परस्पर विकलेला किंवा भाड्यानं दिलेला गाळा, वर्षांची थकबाकी, अशा कारणांनी वाटप रद्द होतं. सही वरच्या अधिकाऱ्याची असते, पण टिपण खालच्या टेबलावर लिहिलं जातं आणि माणसांच्या लक्षात चेहरा टिपण लिहिणारीचाच राहतो. त्या रद्द झालेल्या गाळ्यात पुढे दुसरं कुणीतरी राहायला गेलं असेल. कदाचित तेरवीला रडलेल्यांपैकीच कुणी.

तिचा निर्णय बरोबर होता की चूक, हे मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. कागद बघितल्याशिवाय कुणी ते सांगू नये. नियमाला धरून झालेल्या निर्णयानंही एखादं घर उघड्यावर येतं. आणि कचेरीत चुकाही होतात. म्हणून दोन गोष्टी टाळा. 'काही स्वार्थी लोकांना तिचा प्रामाणिकपणा सहन झाला नाही' असं लिहू नका. आईचं कौतुक करायला त्या माणसाला खोटं ठरवायची गरज नाही. आणि आईच्या वतीनं त्यांची माफीही मागू नका. तो अधिकार तुम्हाला नाही. ते पुन्हा भेटले, किंवा कुणाकडून त्यांचा पत्ता कळला, तर एकदा जाऊन फक्त ऐकून या. काय झालं होतं, नंतर कुठे राहिलात. इतक्या वर्षांनी तो माणूस तुमच्या दारापर्यंत आला, त्याला सांगायचं आहे. त्यांचं नाव-गाव छापू नका. पण स्मरणिकेत हे यावं असं मला मनापासून वाटतं, दोन-तीन ओळींत, असं काहीतरी: 'आईच्या टेबलावरून काहींना घर मिळालं आणि काहींचं गेलं. ज्यांचं गेलं त्यांच्यापैकी एकजण आमच्याकडे येऊन गेले.' भाऊ याला विरोध करेल. त्याला एवढंच सांगा की बाकीच्या पानांवरचं कौतुक या दोन ओळींमुळे लोक खरं मानतील.

डायऱ्यांचं स्पष्ट सांगते. त्यातलं एकही नाव छापायचं नाही. कुणाचा पगार, कुणाची जात, कुणाच्या नवऱ्याचं दारूचं व्यसन, हे त्या माणसांनी तुमच्या आईला एका कामासाठी सांगितलं होतं. ती गेली म्हणून ते आता तुमचं झालं नाही. समाजमाध्यमावर पानांचे फोटो टाकायचा मोह होईल, तोही आवरा. अक्षर दाखवायचंच असेल तर किराण्याची यादी किंवा मुलांच्या फीचा हिशेब असलेलं पान निवडा. अशी पानं त्या डायऱ्यांत नक्की असणार, नोकरदार आईच्या डायरीत दूधवाल्याचा हिशेब आणि सोडतीची तारीख एकाच पानावर असते. गठ्ठ्यात मूळ सरकारी कागद, शिक्क्याची पत्रं निघाली तर वेगळी काढा, कार्यालयाला पत्रासोबत परत करा आणि पोच घ्या. कुणाचं जुनं वाटपपत्र, पावती सापडली तर ती ज्याची त्याला पोचवा. अशा एका पिवळ्या कागदावर आजही कुणाची वारस नोंद अडलेली असू शकते. बाकी डायऱ्या जाळू नका. स्कॅन करून ठेवा, मूळ प्रती कोरड्या उंच जागी ठेवा. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं, तेव्हा किती घरांचे कागद एका पहाटेत गेले ते तुम्ही नागपूरकर म्हणून जाणताच.

आजीवर स्मरणिकेत काही आहे का? तुमच्या यादीत ती दिसली नाही. आई ३६ वर्षं वेळेवर ऑफिसला पोचली ती आजी घरात होती म्हणून, आणि आजी थकल्यावर धुणी-भांडी, स्वयंपाकाला येणाऱ्या ज्या बाई असतील त्यांच्यामुळे. त्यांची नावं लिहा, पूर्ण नावं, त्यांना विचारून. आजीच्या हातची दही-साखर तिच्या पानावर येऊ दे. आणि तुमचा राग तुमच्या लेखात येऊ दे, पण तो प्रसंग सांगा, निकाल देऊ नका. पेपर कोणत्या शाळेत होता, आई किती वाजता निघाली, जाताना काही बोलली का, रात्री आल्यावर पहिल्यांदा काय विचारलं. 'तिनं आमच्यासाठी सगळं केलं' अशी गोड शेवटची ओळ त्याला जोडू नका. तिनं ते सगळं तुमच्यासाठी केलं नव्हतं. काही त्या कामासाठी केलं होतं, तिला ते आवडत होतं म्हणून. आईला घराबाहेरचं काहीतरी मनापासून आवडत होतं, हे लिहायला आपल्याकडे मुलांना फार जड जातं.

या शहरात बायकांचं सार्वजनिक काम नवीन नाही. कमलाबाई होस्पेटांचा मातृसेवा संघ १९२१ चा. जुलै १९४२ मध्ये सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची मोठी परिषद नागपुरातच भरली. अनसूयाबाई काळे १९५२ मध्ये इथून लोकसभेवर गेल्या. संस्था काढणाऱ्या, परिषदा भरवणाऱ्या, निवडून जाणाऱ्या बायकांची निदान नोंद राहते. त्या परिषदेला घरचं आवरून आलेल्या हजारो बायकांपैकी थोड्यांची नावं आपल्याला कळली, तीही लेखिका उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून पुढे गावोगाव फिरून म्हाताऱ्या कार्यकर्त्यांशी बोलल्या म्हणून. टेबलावर बसून फाईल हलवणाऱ्या बाईकडे कोण जाणार? तिची मुलंच गेली तर. ज्यांची आई परिचारिका होती, एसटीत होती, टेलिफोन एक्स्चेंजला होती, अंगणवाडीत आहे, त्या सगळ्यांना हे सांगणं आहे. आणि ती हयात असेल तर स्मरणिकेची वाट कशाला बघायची? या रविवारी तिच्या नोकरीच्या पहिल्या दिवसाबद्दल विचारा. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीनं नावं लिहून घ्या, कारण ऑफिसच्या ग्रुप फोटोतली माणसं ओळखणारी ती शेवटची असते.

दोन महिन्यांत हे सगळं होणार नाही, तेही सांगते. सेवापुस्तक, मावशी, दोन-तीन सहकारी आणि तुमचा लेख एवढं झालं तरी खूप. बाकीचं पुढच्या वर्षी सावकाश करा, त्याची वेगळी छोटी पुस्तिका निघेल, आणि तिची एक प्रत आईनं वाटलेल्या घरांच्या एखाद्या वसाहतीतल्या अभ्यासिकेत ठेवा. चकचकीत कागद आणि रंगीत पानांवर पैसे घालू नका. त्यापेक्षा साध्या कागदावर चार पानं जास्त छापा. बाबांवर लेखासाठी तगादा लावू नका. आलेला मजकूर त्यांना वाचून दाखवा. चुकलेली तारीख दुरुस्त करायला ते बोलतील, आणि तेवढंच लिहून घ्या.

भावाशी अर्ध्या पानावरून भांडू नका. 'वात्सल्यमूर्ती' मुखपृष्ठावर हवंच असेल तर राहू द्या. मात्र छापायला जाण्याआधी तुमचा मजकूर त्याला अथपासून इतिपर्यंत वाचायला द्या, आणि जिथे त्याला 'आई अशी नव्हती' असं वाटेल तिथे तुमचं वाक्य न खोडता त्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत, त्याच्या नावानं शेजारी छापा.